घोड्याशेजारून चालताना

बालमित्रांनो, माथेरानला किंवा महाबळेश्वरला तुमच्यापैकी बरेच जण घोड्यावर बसले असतील. घोडेवाला लगाम धरून पुढे आणि तुम्ही ऐटीत वर! आज मात्र आपण वर बसायचं नाही. आज घोड्याशेजारून चालायचं. त्यासाठी जायचं थेट इंग्लंडला.

ब्रिटनमध्ये 'रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन' नावाची संस्था आहे. अपंग मुलांना आणि मोठ्यांनाही घोडेस्वारी शिकवणारी. तिची स्थापना १९६९ सालची. देशभर तिची शेकडो केंद्रे आहेत आणि ती चालतात मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर. त्यांत आजी-आजोबा असतात, तशी शाळेत जाणारी मोठी मुलं-मुलीही असतात. समजा, आज तुम्ही त्यांच्यातलेच एक आहात.

पहिलं काम तबेल्यात. लीद उचलायची, बादलीत पाणी भरायचं, घोड्याला खरारा करायचा, खुरांत अडकलेली माती आणि खडे काढायचे. घोड्याला थेट पाठीमागचं दिसत नाही, बरं का! म्हणून मागून जायचं नाही. खांद्याच्या बाजूनं, त्याच्याशी बोलत बोलत जवळ जायचं. इथं कुठलाही घोडा चालत नाही. कुणी मोठ्यानं ओरडलं, चाकांची खुर्ची खडखडली, तरी न बिचकणारे शांत घोडे निवडतात.

मग मुलं येतात. चाकांची खुर्ची एका उतरणीवरून घोड्याच्या पाठीच्या उंचीपर्यंत वर नेतात आणि तिथून मुलाला अलगद खोगिरावर बसवतात. डोक्यावर शिरस्त्राण हवंच. एक जण दोर धरून घोड्यापुढे. गरज असेल तर दोन्ही बाजूंना एकेक जण. त्यांतले एक तुम्ही. मुलाच्या मांडीवर हात ठेवून त्याला आधार द्यायचा आणि चालायचं.

यानं होतं काय? गंमत बघा. घोडा चालताना त्याची पाठ मागेपुढे, डावी-उजवीकडे हलते, थोडी वळतेही. आपण चालताना आपली कंबर साधारण अशीच हलते. म्हणजे ज्या मुलाला पायांनी चालता येत नाही, त्याच्या कंबरेला चालण्याची ओळख होते. तोल सांभाळताना पाठीचे, पोटाचे स्नायू कामाला लागतात. आजार बरा होतो असं नाही, हं! पण ताठ बसणं जमू लागलं, तर तेही थोडं नाही. शिवाय एरवी खुर्चीतून सगळ्यांकडे मान वर करून बघणारं मूल आता उंच असतं. मान वर करून बघायचं ते आपण!

आता सर्वांत अवघड काम. घोडा चालवायचा तर मुलानं 'वॉक ऑन' म्हणायचं. एखाद्याला शब्द लवकर फुटत नाही. तुमच्या ओठांवर शब्द येतो. पण तुम्ही बोलायचं नाही! थांबायचं. तो नुसता हुंकार देईल, नाहीतर घोड्याच्या मानेवर थाप मारेल. तेवढ्यानंही घोडा चालवायचा. निघाला, की तो त्याच्या हुकमानं निघाला. काही आठवड्यांनी शिक्षिका सांगतील, "हात काढा." हात काढायचा, पण शेजार सोडायचा नाही.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ साली पोलिओ झाला. गुडघ्याखालचे पाय लुळे पडले. घोड्यावर चढा-उतरायला दुसऱ्याची मदत लागे. पण एकदा वर बसल्या, की लगाम त्यांच्याच हाती! १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीच्या ड्रेसाज प्रकारात त्यांनी रौप्यपदक मिळवलं. १९५६ साली पुन्हा मिळवलं.

मुलांनो, तुमच्या वर्गातही कुबड्या घेऊन येणारा एखादा मित्र असेल, अडखळत बोलणारी एखादी मैत्रीण असेल. त्याचं दप्तर उचलण्याआधी विचारा, "घेऊ का रे?" तो 'नको' म्हणाला, तर रागवू नका. ती वाचायला उभी राहिली, तर तिचा शब्द तुम्ही पुरा करू नका. वाट बघा. आणि आई-बाबा, हे तुमच्यासाठीही बरं का! बुटाची नाडी बांधायला घरातल्या छोट्याला पाच मिनिटं लागतात. रिक्षा खाली उभी असते, हे मला ठाऊक आहे. तरी एखाद्या दिवशी पाच मिनिटं लवकर उठून बघा.