उतरायचं कुठल्या किनाऱ्याला

फेब्रुवारीत आईला घेऊन अंदमानला जाऊन आले. तेव्हापासून ओळखीच्या तीन घरांतून एकच विचारणा झाली: हॉटेल कुठलं घेऊ? मी तिघांनाही म्हटलं, हॉटेल नंतर, आधी किनारा ठरवा. फोनवर ते नीट सांगता आलं नाही. वहीत टिपून ठेवलेलं इथे उतरवते आहे.

*

पहिली गोष्ट सूर्याची. अंदमान साधारण ९३ अंश पूर्व रेखांशावर, आणि घड्याळ मात्र सगळ्या देशासारखंच ८२.५ अंशांवरचं. मुंबईच्या मानाने तिथला दिवस जवळजवळ एक तास वीस मिनिटं आधी सरकलेला. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो, सहाच्या आत मिट्ट काळोख. दुपारी जेवून तासभर पडू आणि मग समुद्रावर जाऊ, हा आपला सुट्टीतला शिरस्ता तिथे चालत नाही. उठेपर्यंत दिवस गेलेला असतो. उलट पहाटे पाच-सव्वापाचला फटफटतं. अंदमानातला खरा समुद्र सकाळी पाच ते नऊ. त्या वेळात पायी वाळूवर जाता येईल अशी जागा मिळाली, तर खोली साधी असली तरी चालेल.

*

स्वराज द्वीप म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक. ३० डिसेंबर २०१८ रोजी नाव बदललं. १९४३ साली त्याच तारखेला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला होता. नीलचं शहीद द्वीप झालं तेही तेव्हाच. हॅवलॉक आणि नील हे दोघेही १८५७चा उठाव चिरडणारे इंग्रज सेनाधिकारी, त्यामुळे नावं गेली याचं मला बरं वाटलं. पोर्ट ब्लेअरचंही २०२४च्या सप्टेंबरात श्री विजयपुरम झालं आहे. रिक्षावाले अजून जुनीच नावं घेतात. शोधताना दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर एकच बेट दोनदा बघत बसाल.

*

स्वराज द्वीपावर किनाऱ्यांना नंबर आहेत. तीन नंबर म्हणजे गोविंदनगर, पाच नंबर विजयनगर, सात नंबर राधानगर. तीन आणि पाच पूर्वेला, सात पश्चिमेला. मुक्कामाचा सगळा प्रश्न या दोन बाजूंचा आहे.

पूर्वेला जेट्टी जवळ, खाणावळी, दुकानं, भाड्याच्या स्कूटर जवळ. स्कूबा शिकवणारी बहुतेक केंद्रं याच बाजूला, आणि त्यांच्या होड्या भल्या सकाळी निघतात. पाण्याखाली जायचं असेल तर दुसरा विचारच नको, पूर्वेला राहा. सूर्योदय थेट समोर. पण पोहायचं म्हणाल तर ओहोटीला पाणी लांबवर आत जातं आणि उघडे पडतात ते प्रवाळाचे खडबडीत खडक. त्यात पाय घालू नये. तळवे फाटतात, आणि जिवंत प्रवाळ असेल तर तेही आपल्या पायाखाली मरतं.

पश्चिमेला राधानगर. 'टाइम' मासिकाने २००४ साली आशियातला उत्तम किनारा म्हणून गौरवलेलं, त्यामुळे दुपारनंतर सगळं बेट तिथे लोटतं. रुंद, मऊ, पांढरी वाळू, मागे समुद्र-महुआची उंच झाडं. इथे पाण्यात खडक नाहीत, पोहता येतं. सूर्यास्तानंतर मात्र गर्दी एकदम परतते आणि पूर्वेकडे जाणारा दहा-बारा किलोमीटरचा रस्ता अंधारातून, झाडीतून जातो. परतीची रिक्षा आधीच ठरवून ठेवावी लागते. राधानगरला राहण्याच्या जागा थोड्या आणि बहुतेक महाग. पण जो तिथे राहतो त्याला सकाळी सहाला तो अख्खा किनारा जवळपास एकट्याचा मिळतो. पैसे खर्चायचेच असतील तर मी तिथल्या दोन सकाळींवर खर्चीन.

*

राधानगरजवळच्या खाडीत खाऱ्या पाण्यातल्या मगरी असू शकतात. २०१० साली तिथे एका परदेशी पर्यटक मुलीचा जीव गेला. किनाऱ्यावर पाट्या आहेत, जीवरक्षक शिट्ट्या मारतात. त्यांचं ऐकायचं. खाडीच्या तोंडाशी राहण्याची जागा कितीही सुंदर दिसली तरी लहान मुलं बरोबर असतील तर मी ती घेणार नाही.

*

आमची चूक. पहिल्या दोन रात्रींची खोली मी फोटो बघून घेतली. फोटोत ओसरीच्या पायरीपाशी निळं पाणी. आम्ही पोचलो दुपारी, ओहोटीत. समोर काळपट खडकांचं शेत आणि पाणी पार पलीकडे. आई काही बोलली नाही, नुसती उभी राहिली. मालकांनी फोटो भरतीचा टाकला होता. तो खोटा नव्हता, पण अर्धाच होता. तेव्हापासून खोली घ्यायच्या आधी मी एकच गोष्ट मागते: ओहोटीला काढलेला फोटो.

*

आईचं माहेर हर्णैचं. ती तिथीवरून भरती सांगते: तिथीची पाऊणपट करायची. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणून सव्वाआठला पूर्ण भरती. आयुष्यभर हा हिशेब तिच्या उपयोगी पडला. स्वराज द्वीपावर एकादशीला ती सकाळी आठ वाजता पदर खोचून निघाली, तर पाणी केव्हाच ओसरू लागलं होतं. तिला फार चमत्कारिक वाटलं. हा गुणाकार कोकणपट्टीचा आहे, प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी. मग तिने तिथल्या एका कोळ्याला गाठलं, मोडक्या हिंदीत अमावास्येची आणि पौर्णिमेची भरती केव्हा येते ते विचारलं आणि दुसऱ्या दिवसापासून नवा हिशेब मांडला.

पातळीतही फरक. मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरांवर जाते. पोर्ट ब्लेअरला उधाणातही भरती-ओहोटीत अंतर सुमारे दोन मीटरच. एवढ्याने किनारा इतका बदलतो, कारण समोरचा तळ उथळ आणि सपाट आहे. सुट्टीच्या तारखा घेतल्या की आधी भरतीचं वेळापत्रक बघावं, मग खोली. हे कुणी करत नाही.

*

वारा. मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी: पश्चिम बाजू खवळलेली, राधानगरला पाण्यात उतरू देत नाहीत असे दिवस येतात. त्यानंतर ईशान्येकडून वारा आला की पूर्वेच्या बाजूला लाटा. जानेवारी ते एप्रिल दोन्ही बाजू शांत असतात.

*

फेरीबोट. खाजगी बोट पोर्ट ब्लेअरहून स्वराज द्वीपाला साधारण दीड तासात नेते, सरकारी अडीच तासांत. पण एका बेटावरून दुसऱ्यावर जाण्याचा दिवस फक्त दीड तासाचा नसतो. सामान बांधा, खोली सोडा, जेट्टीवर तासभर आधी पोचा, रांग, तपासणी, उतरल्यावर पुन्हा रिक्षा, आणि नवी खोली दुपारपर्यंत मिळत नाही. अर्धा दिवस जातो, तोही तिथल्या छोट्या दिवसातला. पाच रात्रींत चार मुक्काम करून आलेली माणसं मला जेट्टीवर भेटली. त्यांना जेट्ट्या तेवढ्या पाठ झाल्या होत्या.

सहा रात्री असतील तर माझं मत: पहिली पोर्ट ब्लेअरला, मग चार एकाच बेटावर, शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअरला. ती शेवटची रात्र वाचवू नये. डिसेंबर २०१६मध्ये वादळी हवेत बोटी बंद पडल्या आणि हॅवलॉक-नीलवर शेकडो पर्यटक अडकले. त्यांना काढायला नौदलाची जहाजं आली. एवढं मोठं वादळ नसलं तरी एखादी फेरी रद्द होणं तिथे नवलाचं नाही. दुसरं कारण स्कूबावाल्यांचं: अनेकदा पाण्याखाली गेलात तर शेवटची डुबकी आणि विमान यांत निदान अठरा तास जावे लागतात. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो.

*

वयस्क माणसं बरोबर असतील तर शहीद द्वीप. बेट लहान, बहुतेक सपाट. भातशेती, भाजीचे मळे, सुपारी, नारळ. लक्ष्मणपूरला सूर्यास्त, सीतापूरला सूर्योदय, जेट्टीला लागून भरतपूर. नावंच अशी की आईला घरच्यासारखं वाटलं. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रिक्षा थोडक्या वेळात नेते, त्यामुळे किनारा चुकला तरी दिवस चुकत नाही. करमणूक मात्र काही नाही. आठ वाजता गाव निजतं. तरुण मुलांना दुसऱ्या संध्याकाळी कंटाळा येईल, आमचा पाय निघेना.

*

या दोन्ही बेटांवरची वस्ती मुख्यतः बंगाली. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना पुढे इथे जमिनी दिल्या, त्यांनी रान तोडून शेती उभी केली. आज पर्यटक ज्या वाडीत झोपडी भाड्याने घेतो ती कुणाच्या तरी आजोबांनी साफ केलेली असते. शहीद द्वीपावर आम्ही अशाच एका घरी उतरलो. तीन खोल्या, अंगणात सुपारी वाळत घातलेली. घरच्या माशींनी (बंगालीत माशी म्हणजे मावशी) आईला पहिल्या दिवशी केळफुलाची भाजी वाढली. आईने आपली केळफुलाची भाजी कशी करतात ते सांगितलं. मोहरी कुठली, वाटून की फोडणीला, यावर दोघी दुपारभर बोलत होत्या. दोघींच्या हिंदीत मिळून एक वाक्य सरळ नव्हतं.

मोठ्या रिसॉर्टमध्ये हे मिळत नाही. पाणी तिथे जपून वापरावं लागतं, हेही घरात राहिल्यावरच कळतं. लहान बेटावर गोडं पाणी पावसाचं आणि विहिरीचंच. वाडीतल्या विहिरीची पातळी बघून मला अंघोळीची दुसरी बादली घेववली नाही. पोहण्याचा तलाव असलेली जागा अशा बेटावर मी कधीच घेणार नाही. समोर समुद्र आहे.

*

बारीक चिलटं वाळूत असतात, चावा नंतर आठवडाभर खाजतो. खोबरेल लावून निघायचं. शंख-प्रवाळ उचलून आणायचे नाहीत, विमानतळावर सामान तपासतात. इंटरनेट ऑगस्ट २०२०मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून बरं झालं आहे, तरी रोख पैसे जवळ असू द्यावेत.

*

पोर्ट ब्लेअरला कुठे? विमानतळापाशी नको, कॉर्बिन कोव्हला नको. अबर्डीन बाजाराच्या वरच्या अंगाला, सेल्युलर जेलपर्यंत चालत जाता येईल अशा जागी. मराठी माणसाचे पाय तिथे ओढले जातातच. १९०६ साली पुरा झालेला तुरुंग, सात ओळींपैकी आता तीन उभ्या. सावरकर १९११ ते १९२१ इथे होते, थोरले बंधू बाबारावही इथेच. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर. आईचे गुडघे दुखतात म्हणून घाई नको होती. जवळ राहिलो म्हणून उघडण्याच्या वेळेला पोचलो आणि गटांच्या आधी तिला एकेक पायरी करून वर नेता आलं. ती कोठडीच्या दाराशी बराच वेळ थांबली. गज धरले, सोडले. खाली उतरताना एवढंच म्हणाली, "समुद्र इतका जवळ, आणि आतून दिसत नाही गं."

*

शहीद द्वीपावरून निघायच्या आदल्या संध्याकाळी माशींनी विचारलं होतं, परत केव्हा येणार. आईने बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, माघात, पौर्णिमा सोडून. सकाळी भरती कधी असेल ते तिने आधीच काढून ठेवलं होतं.