लेबलांच्या ओळी आणि पत्त्यांची वाट

निमंत्रणपत्रिकेचा मजकूर कोणीं रचावा यावर आपल्या घरांतून दोन दोन दिवस वाद होतो. पाकिटांवर पत्ते घालण्याचें काम मात्र ज्याचें अक्षर बरें त्याच्या गळ्यांत मुकाट्यानें पडे. आतां अक्षराचाहि प्रश्न उरला नाहीं. पत्त्यांची यादी संगणकांत असते, चिकट लेबलांचे कागद बाजारांत मिळतात आणि छापण्याचें यंत्र पुष्कळांच्या घरींच असतें. परंतु या सोप्या दिसणाऱ्या कामांत एक खोंच आहे.

गेल्या वर्षीं आमच्या तीर्थरूपांचें सहस्रचंद्रदर्शन झालें. निमंत्रितांपैकीं बरेचसे त्यांच्याच वयाचे. फोनवरचा निरोप त्यांना वाचवत नाहीं. टपालानें आलेली पत्रिका मात्र ते देवापाशीं ठेवतात. अशीं अडीचशें पाकिटें होतीं. पुतण्यानें पहिला कागद छापून आणला, तों पहिल्या ओळींतले पिनकोड दुसऱ्या ओळीच्या माथ्यावर जाऊन बसलेले! तीर्थरूपांच्या शाळेंतील एका सोबत्याचें नांव अगदीं खालच्या ओळींत होतें. तें वरच्या बिऱ्हाडीं गेलें. पिनकोडाचे सहा आकडे १९७२ सालापासून आपल्या टपालाचे वाटाडे आहेत. ते शेजाऱ्याला चिकटले म्हणजे पत्र कोठें भटकेल याचा नेम नाहीं. आणि नांवावांचून गेलेलें पाकीट चार भावांच्या घरांत नेमकें कोणासाठीं आलें, हें कोणीं ठरवावें?

अशा वेळीं जो तो यंत्राला बोल लावतो. आम्हांला तें पटत नाहीं. चूक कशी पसरली आहे हें पाहिलें कीं तिचें मूळ सांपडतें. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर लांब असतो. एकवीस लेबलांच्या नेहमींच्या कागदावर सात आडव्या ओळी असतात. एकेक लेबल ३८.१ मिलिमीटर उंच, म्हणजे सातांचे २६६.७ मिलिमीटर झाले. छापतांना ‘पानांत बसवा’ हा पर्याय निवडलेला असला, तर सारा मजकूर किंचित् आक्रसतो. शेंकडा तीनांची घट डोळ्याला जाणवतहि नाहीं. पण सात ओळींत ती आठ मिलिमीटर होते. मधली ओळ जागच्या जागीं राहते, वरची कड चार मिलिमीटर खालीं येते, खालची तितकीच वर चढते. आमच्याकडे नेमकें हेंच झालें होतें. येथें समास कितीहि हलवले तरी उपयोग नाहीं. प्रमाण शंभर टक्के ठेवणें हाच उपाय. कित्येकदां यंत्रांत अमेरिकेंतील लेटर कागद नेमलेला असतो. तो आपल्या कागदाहून १७.६ मिलिमीटर आंखूड, तेंहि पाहून घ्यावें.

सगळीं अक्षरें सारख्याच अंतराने एका बाजूस सरकलीं असतील तरच समासाला हात लावावा. तिरकीं पडलीं तर कागद धरणाऱ्या बाजूच्या पट्ट्या सैल आहेत असें समजावें.

लेबलांचा कागद स्वस्त नसतो. म्हणून आधीं साध्या कागदावर छापून, तो लेबलांच्या कागदावर ठेवून दोन्ही खिडकीच्या काचेशीं धरावे. आमच्या वडील वहिनींना हें सांगावें लागलें नाहीं. भरतकामाचा नमुना कापडावर उतरवतांना त्या असेंच करतात. यंत्रविद्येचा अभिमान बाळगणारे आम्ही बापे त्या वेळीं गप्प बसलों.

अर्धवट वापरलेला कागद पुन्हां यंत्रांत घालण्याची काटकसर मात्र कोणीं करूं नये. लेझर यंत्रांतील रूळ फार तापतात. एकदां आंतून गेलेल्या कागदावरचें सैल लेबल सुटून त्यांना चिकटलें, तर वांचलेल्या चार आण्यांपायीं यंत्र दुरुस्तीला न्यावें लागतें.

बारा कागदांत सर्व पाकिटें झालीं. उरलेल्या दोन लेबलांवर वहिनींनीं शाईनें ‘मेतकूट’ व ‘लिंबू, गोड’ असें लिहून तीं फडताळांतल्या बरण्यांना लावलीं.