मौनाची खूण

शुद्धलेखनाच्या तासाला गुरुजी मजकूर सांगता सांगता मध्येच “स्वल्पविराम” म्हणतात आणि आम्ही तो शब्द न लिहिता केवळ चिन्ह काढतो. परंतु उतारा विरामचिन्हांविषयीच असला, तर “वाक्य संपले की पूर्णविराम द्यावा” यातील पूर्णविराम अक्षरांतच लिहावा लागतो. मजकूर कोणता आणि मजकुराविषयीची सूचना कोणती, हे आम्ही गुरुजींच्या आवाजावरून, त्यांच्या क्षणभर थांबण्यावरून ओळखतो. ज्याला आवाजाचा चढउतार कळत नाही, अशा यंत्राने ते कसे ओळखावे? या प्रश्नाने गेल्या वर्षी आमच्या विज्ञान मंडळास बरेच दिवस गुंतवून ठेवले.

शाळेच्या गच्चीवर वाऱ्याचा वेग मोजणारे एक यंत्र आम्ही उभारले आहे. त्याचे आकडे खाली प्रयोगशाळेतील संगणकावर उतरतात. मध्ये तार नाही. दोन्ही टोकांस एक्सबी नावाचा, टपालाच्या तिकिटाएवढा बिनतारी मोडेम बसविला आहे. मोडेमला आपल्या धन्याकडून बोलणे ऐकण्याचे द्वार एकच. त्यातून जे येईल ते न वाचता हवेत सोडून द्यावयाचे, ही त्याची नित्याची वृत्ती. हिला आम्ही मजकूर-अवस्था म्हणतो. पण कधी त्यालाच काही सांगावयाचे असते: मार्ग बदल, शक्ती कमी कर, शेवटचा संदेश किती क्षीण होऊन पोहोचला ते सांग. तेव्हा त्याने येणारी अक्षरे पुढे न धाडता स्वतः ऐकली पाहिजेत. ही आज्ञा-अवस्था. द्वार एकच, म्हणून एकीतून दुसरीत जाण्याची खूणही त्याच द्वारातून द्यावी लागते.

ही अडचण बिनतारी मोडेमच्या आधीची आहे. अमेरिकेत डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन यांनी १९८१ साली दूरध्वनीच्या तारेवर चालणारा ‘स्मार्टमोडेम’ काढला. त्याचा वेग सेकंदास अवघा ३०० बिट होता, परंतु संगणकाने आज्ञा द्यावी आणि मोडेमने स्वतः क्रमांक फिरवावा, ही सोय त्यात होती. जोडणी झाल्यावर मात्र मोडेम मजकूर वाहू लागे. मग त्याला “आता पुरे” हे कसे सांगावे? एखादे चिन्ह राखून ठेवावे, तर ते चिन्ह कधीतरी मजकुरात येणारच. हेदरिंग्टन यांनी खूण ठरविली ती अशी: आधी निदान एक सेकंद शांतता, मग अधिकचे चिन्ह तीनदा, आणि पुन्हा एक सेकंद शांतता. या युक्तीस १९८५ साली एकस्व मिळाले.

आमच्या मते या खुणेतील तीन अधिक गौण आहेत. खरी खूण ती शांतता. कोणतेही अक्षर मजकुरात लिहिता येते, पण अखंड वाहणाऱ्या मजकुरात मौन लिहिता येत नाही. हेच तीन अधिक मोठ्या लेखाच्या पोटात आले, तर त्यांच्या मागेपुढे अक्षरांची रीघ असते आणि मोडेम त्यांना निमूट पुढे धाडतो. (संस्कृत नाटकात जनान्तिक बोलताना पात्र त्रिपताक हस्त धरते आणि रंगमंचावरील इतरांस ते ऐकू गेले नाही असे आपण मानतो, त्याची येथे आठवण होते.)

एकस्वाचे शुल्क टाळण्यासाठी काही उत्पादकांनी शांततेची अट गाळली: तीन अधिक आणि लगेच आज्ञा आली, की पुरे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस खोडकरांना हे छिद्र सापडले. इंटरनेटवर “जे धाडले तेच परत धाड” अशी एक साधी विचारणा असते. तिच्या पोटात तीन अधिक आणि जोडणी तोडण्याची आज्ञा घालून ती धाडली, की बिचारा संगणक इमानाने तोच मजकूर परत पाठवी. तो वाटेत त्याच्याच मोडेमच्या कानी पडे आणि जोडणी तुटे. घरच्याच मुखातून घरास कुलूप!

आमच्या गच्चीवरील प्रश्न याच्या उलट होता. शाळेतील वायफाय व आमचे मोडेम एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, म्हणून वरच्या मोडेमचा मार्ग बदलणे भाग होते. परंतु दर अर्ध्या सेकंदास एक आकडा बोलणाऱ्या यंत्रापाशी एक सेकंदाचे मौन कोठून असणार? शेवटी यंत्रालाच गप्प राहण्यास शिकवावे लागले. खालून ठरलेला शब्द आला, की ते मोजणी थांबवते, सेकंदाहून थोडे अधिक मौन पाळते, तीन अधिक देते आणि “ओके” असे उत्तर येईपर्यंत काही बोलत नाही. मग मार्गाचा नवा आकडा, मग ‘एटीसीएन’, म्हणजे पुन्हा मजकुराकडे. मध्येच आज्ञा देणे राहिले, तरी मोडेम मूळ मांडणीत दहा सेकंदांनी आपण होऊन परत फिरतो. गंमत अशी, की खालून गेलेला तो शब्द दोन्ही मोडेमच्या दृष्टीने निव्वळ मजकूर. आज्ञा तो फक्त यंत्राच्या लेखी.

मंडळातील दहावीच्या विद्यार्थ्यांना हा सारा खटाटोप जुनाट वाटतो. एक्सबीला दुसरीही रीत येते: प्रत्येक संदेश पाकिटात घालावा, आरंभी खूण, मग लांबी, मग आत आज्ञा आहे की मजकूर ते लिहावे. अवस्था बदलण्याचे कारणच उरत नाही, आणि खालूनच वरच्या मोडेमला आज्ञा करता येते. त्यांचे म्हणणे खरे आहे. यंदापासून गच्चीवरील आकडे पाकिटांतून येऊ लागले आहेत. पण ते पाकीट कळफलकावर हाताने बांधणे फार जिकिरीचे. म्हणून आठवीच्या नव्या मुलांसाठी मोडेमची एक जुनी जोडी राखून ठेवली आहे. तीन अधिक दाबून, पुढची कळ न दाबता, ती मुले “ओके” ची वाट पाहत बसतात आणि तेवढा वेळ एकमेकांस बोलूही देत नाहीत. मोडेमला त्यांचे बोलणे ऐकू येत नाही, हे आम्ही त्यांना अद्याप सांगितलेले नाही.