सतरा पावलं

माझ्या गुडघ्यांनी एकोणसाठ वर्षं मुकाट्यानं नोकरी केली आणि एका उन्हाळ्यात एकदम संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, "जिने बंद, चालणं बेतानं, आणि पोहा." घरी आल्यावर आमच्या ह्यांनी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" मी म्हटलं, "पोहा म्हणाले." हे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "मग कर की. दाणे जरा जास्त घाल." पस्तीस वर्षांच्या संसारात हा शब्द आमच्याकडे फक्त नाश्त्यापुरताच आला होता.

डॉक्टरांचं काही चुकत नव्हतं. गळ्याइतक्या पाण्यात उभं राहिलं की गुडघ्यांवर आपल्या वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा येतो म्हणे. म्हणजे ७० किलोची बाई गुडघ्यांना ७ किलोची वाटते. (माझं वजन ७० किलो नाही. हिशेबाला सोपा म्हणून हा आकडा घेतला.) शिवाय जळगावचा मे महिना. पारा ४४ वर गेला की ह्या गावात पाण्यात जायला कारण लागत नाही, पाण्याबाहेर राहायला लागतं.

आणि पोहता मला येत होतं. माझं माहेर धुळ्याचं. वडिलांनी पाठीला सुका भोपळा बांधून आम्हा भावंडांना मळ्यातल्या विहिरीत सोडलं होतं. मी बारा वर्षांची झाले आणि आजीनं माझ्या पाठीवरचा भोपळा सोडून माळ्यावर टाकला. "आता पुरे. मोठी झालीस." भाऊ पोहत राहिला. माझं मात्र पुढली सत्तेचाळीस वर्षं पाण्याशी नातं बादलीपुरतंच उरलं.

आमच्या घराजवळच्या तलावावर बायकांसाठी दुपारी चार ते पाच अशी वेगळी वेळ आहे. दारात पाटी: 'नायलॉनचा पोहण्याचा पोशाख व टोपी सक्तीची. साडी, पंजाबी ड्रेस, गाउन घालून पाण्यात उतरू नये.' पाटी वाचून मला राग आला, पण कारण ऐकल्यावर पटलं. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, बाईला खाली ओढतं, आणि त्याचे धागे सुटून गाळणीत अडकतात. आपल्या आज्या-पणज्या नऊवारीचा काष्टा घट्ट मारून नदीत उतरायच्या आणि पदरात हवा भरून फुग्यासारखा पोटाशी धरायच्या, हे मी तिथल्या माणसाला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "नदीला फिल्टर नसतो, काकू."

मग कापडबाजार. दुकानातल्या मुलानं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे, मग छताकडे. "काकू, तुमच्यात फ्रॉकवालाच येईल." 'तुमच्यात' म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. फ्रॉकवाला म्हणजे खाली मांडीपर्यंत चड्डी आणि वर कमरेपासून झालर. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय बायकांसाठी कुणी तरी शोधलेला हा तोडगा आहे: पोशाख तर घातला आणि घातला असं वाटत नाही. आरशात बरा दिसला, म्हणून घेतला.

पहिल्या दिवशी मी शिडीवरून पाण्यात उतरले आणि माझी झालर उतरली नाही. ती हवा भरून वर आली, गोल पसरली आणि मी उलट्या छत्रीच्या दांड्यासारखी मध्ये उभी राहिले. दोन्ही हातांनी झालर दाबावी तर पोहणार कशानं? ती दाबण्यातच माझी पाऊण बॅच संपली.

पण खरं संकट पाण्यातलं नव्हतंच. पाण्यात मानेखालची बाई कुणालाच दिसत नाही. संकट होतं कपडे बदलायच्या खोलीपासून शिडीपर्यंतचं. मी मोजली, सतरा पावलं. प्राध्यापिका असो, सराफाची सून असो की मी, ह्या सतरा पावलांत प्रत्येक बाई टॉवेल धरून, पोट आत ओढून, जमिनीकडे बघत अशी चालते, जणू कुणाची तरी चप्पल चोरून निघाली आहे. पोहण्याच्या पोशाखाची सगळी कला ह्या सतरा पावलांसाठी आहे, हे मला तेव्हा कळलं.

धुळ्याच्या वहिनींनी चाळीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवले. कटोरी, प्रिन्सेस, बोटनेक, काय म्हणाल ते. मी आमच्या बॅचमधल्या चौघींना म्हटलं, "आपण शिवूनच घेऊ." कापड भाचीनं सुरतेहून आणलं. शंभरात ऐंशी भाग नायलॉन आणि वीस भाग लायक्रा, दोन्हीकडे ताणलं जाणारं. चौघींची मापं वहीत लिहून मी एरंडोल-पारोळ्यावरून एसटीनं धुळ्याला निघाले. गुडघ्यांनी वाटेतला प्रत्येक खड्डा मोजला.

भाचीनं मोबाईलवर एक परदेशी तक्ता काढून दिला होता. त्यात बायकांचे आकार फळांत दिलेले: सफरचंद, पेर, आणि एक वाळूचं घड्याळ. वहिनी म्हणाल्या, "सफरचंद आपल्याकडे पेशंटला नेतात. ह्यात खानदेशचं काय आहे?" मग आम्ही दोघींनी स्वतःचा तक्ता बसवला. वर अरुंद आणि खाली भरलेली तो दुधी भोपळा: प्राध्यापिका. वरपासून खालपर्यंत एकसारखी सरळ ते केळं: बँकेतून निवृत्त झालेल्या बाई. सडपातळ, उंच ती शेवग्याची शेंग: सराफाची सून. गोरी, गुबगुबीत एक शेजारीण, ती कणकेचा गोळा. आणि मधोमध गोल ते भरताचं वांगं. जळगावच्या केळ्याला आणि भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, सफरचंदाला इथे कोण विचारतो! वांगं म्हणजे कोण, हे वहिनींनी विचारलं नाही.

आता रहस्याची गोष्ट सांगते, कारण दुकानदार ती सांगत नाहीत. दुधी भोपळ्याला वर फिकं किंवा नक्षीचं कापड आणि खाली गडद, म्हणजे नजर वरच थांबते. पायाची कापणी जरा वर घ्यायची, पाय लांब दिसतो; चड्डीची शिवण मांडीच्या सर्वांत जाड जागी आली की मांडी दुप्पट. केळ्याला कमरेशी दोन्ही बाजूंनी गडद पट्टे खालीवर लावले की मध्ये कंबर उगवते. शेंगेला आडव्या रेघा, छातीवर चुण्या. कणकेच्या गोळ्याला खोल व्ही गळा आणि रुंद पट्ट्या, बारीक पट्ट्या खांद्यात रुततात. आणि वांग्याला? वांग्याचं पोट लपवायला सपाट घट्ट कापड लावलं की ते उलट नकाशासारखं उठून दिसतं. तिथे पुढच्या कापडाला आडव्या चुण्या घालायच्या आणि आत अस्तर. चुण्यांत कुठली घडी कापडाची आणि कुठली बाईची, हे ब्रह्मदेवालाही कळत नाही.

सराफाच्या सुनेनं निरोप दिला होता, "काठ लावता येतील का? जरीचे?" तलावातलं क्लोरीन जरीला चार दिवसांत काळी करतं, असं कळवल्यावर ती लाल पायपिंगवर आली.

वहिनी जेवणानंतर कापायला बसल्या आणि पहिल्याच मापाला अडल्या. "ताई, तुमची छाती बेचाळीस आणि इथे अडतीस कापा म्हणतायत?" मी म्हटलं, "ताणणारं कापड आहे. अंगापेक्षा दहावा हिस्सा कमीच कापायचं, नाही तर पाण्यात फुगतं." वहिनींनी कात्री खाली ठेवली. "चाळीस वर्षं बायका मला 'जरा सैल ठेवा' सांगत आल्या, आणि आता ह्या वयात मी तंग शिवू?" दुसरं माप तर त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं: खांद्यावरून निघून पुढून खाली, पायांमधून मागे आणि पाठीवरून परत त्याच खांद्यावर. हे माप चुकलं की पट्ट्या खांदे कापतात किंवा सगळा पोशाख गुडघ्याला भेटायला येतो. वहिनी ते माझ्यावर घेत असताना भाऊ पाणी प्यायला आत आला आणि तहानलेलाच परत गेला.

पहिली टीप मारली आणि कापड ताणल्याबरोबर तटकन तुटली. सरळ टीप ताणत नाही हो. वहिनींचं जुनं पायाचं मशीन सरळमार्गी. मग शेजारून वेडीवाकडी टीप मारणारं नवं मशीन आणलं. सुईही गोल टोकाची लागते, टोकदार सुई लायक्राचे धागे तोडते. दोरा पॉलिस्टरचा. इलॅस्टिक चड्डीचं साधं नको, क्लोरीननं कुजतं. दोन दिवसांत आम्ही दोघी असा काही अभ्यास केला की मॅट्रिकला केला असता तर बोर्डात आलो असतो.

शिवता शिवता गप्पा. १९४६ साली पॅरिसला लुई रेआर नावाच्या मोटार-इंजिनियरनं बिकिनी काढली तेव्हा ती घालून दाखवायला एकही मॉडेल तयार होईना, शेवटी नाचकाम करणारी एक मुलगी मिळाली, हे मी सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "आपली मीनाक्षी शिरोडकर तर त्याच्याही आधीची." खरंच. मास्टर विनायकांच्या 'ब्रह्मचारी'त तिनं पोहण्याचा पोशाख घातला तो १९३८ साली, आणि महाराष्ट्रात केवढा गहजब झाला! आमच्या आजोबांनी तो सिनेमा चार वेळा पाहिला होता. का, विचारलं तर म्हणायचे, "अत्र्यांचे संवाद फार छान."

हसण्याच्या भरातच मी म्हणून गेले, "वहिनी, गोळ्याला दोन्ही बाजू मात्र सारख्या बसवा हं. पाण्यातून वर आलं की एक बाजू खाली, एक वर, असं नको."

मशीन थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

वहिनींचं ते ऑपरेशन २०१७ साली झालं. डावी बाजू काढली. आमच्या घरात त्याला नाव नाही. 'ते झालं तेव्हा', 'त्याच्या आधी', असंच बोलतात. पदर नेहमीसारखाच असतो, त्यामुळे आपण विसरून जातो. मी माझी जीभ चावली आणि चहा टाकायला उठले. दुसरं काय सुचणार?

वहिनी तापीकाठच्या. शिंदखेडा तालुक्यातलं त्यांचं गाव. लग्न होऊन आल्या तेव्हा पुरात पोहणारी मुलगी म्हणून त्यांची ख्याती होती आणि आजीला ती फारशी आवडली नव्हती.

तिसऱ्या दिवशी पाच पोशाखांचं गाठोडं उलगडून पाहिलं तर आत सहा. सहावा साधा काळा, बंद गळ्याचा, मुंढे उंच. "हा कुणाचा, वहिनी?" "उरलेल्या कापडाचा." आतून पाहिला. डाव्या बाजूला अस्तरात एक खिसा होता, बारीक, व्यवस्थित. मी घडी घातली आणि म्हटलं, "मग उरलेल्या कापडाबरोबर तुम्हीही चला जळगावला. केळी घेऊन परत या."

एसटीत, पारोळा गेल्यावर, खिडकीकडे बघत वहिनी म्हणाल्या, "मोहरी भरते मी पुरचुंडीत. दुकानातलं महाग मिळतं. मोहरीचं वजन हाताला बरोबर लागतं." "बरं सुचलं तुम्हाला," मी म्हटलं. सात वर्षांत आम्ही पहिल्यांदाच ह्या विषयावर बोललो, तेही फोडणीच्या डब्यातलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता पाच पोशाख पाण्याकडे गेले. दुधी भोपळा टॉवेल न घेता चालला. केळ्यानं कमरेवर हात ठेवला, कारण आता तिथे कंबर होती. वहिनी खोलीच्या दारातच उभ्या. "तुम्ही व्हा पुढे, ताई." मी म्हटलं, "नाही, सोबत." त्या जरा वेळानं म्हणाल्या, "मग तुम्ही डाव्या बाजूनं चाला."

चाललो. माझे गुडघे, त्यांची बाजू. नवव्या पावलाशी तिथली कामवाली बाई आमच्याकडे बघत होती. बघून म्हणाली, "टोपी घाला ना वो ताई, साहेब वरडतीन." बाकी तिला काही दिसलं नाही, किंवा दिसून महत्त्वाचं वाटलं नाही.

मी शिडीनं उतरत होते तोवर वहिनींनी कडेवरून सूर मारला. किती तरी वेळ त्या वर आल्याच नाहीत. कामवाली ओरडली, "माय वं! बाई बुडनी!" आणि त्या पलीकडच्या भिंतीशी वर आल्या, टोपीखालचं पाणी निथळत, आणि तिथूनच वळून परत निघाल्या. मला त्यांच्याशी बोलायचं होतं, पण त्या थांबतील तर ना. पाऊण तास मी आपली ७ किलोची होऊन कडेला उभी.

पोशाख साध्या पाण्यात खळबळून, न पिळता सावलीत वाळवायचा, असं मी सगळ्यांना बजावलं होतं. वहिनी संध्याकाळच्या गाडीनं घाईनं गेल्या, ओला पोशाख प्लास्टिकच्या पिशवीत तसाच.

तीन दिवसांनी फोन आला. आधी नुसतं हसणंच ऐकू येत होतं. मला वाटलं, लाईन बिघडली.

"ताई," वहिनी म्हणाल्या, "मोहरीला कोंब आले हो!"

आता त्या खिशात प्लास्टिकचे मणी आहेत. रंग कुठला घेऊ, म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, आत कुणाला दिसणार आहे? तर म्हणाल्या, "मला." लाल घेतले.