पाखरांचा फराळ

दिवाळीच्या आधी घरात जी साफसफाई निघते, तिच्यात माझ्या वाट्याला दरसाल एकच काम येते : डबे रिकामे करून देणे. कुठल्या डब्याच्या तळाशी भडंग निघते, कुठे चकलीचा चुरा, कुठे जाळी धरलेला रवा, तर कुठे खवट शेंगदाणे. अन्न टाकून देणे आमच्या घराण्याच्या रीतीत बसत नाही. मग 'पाखरांना घाला' हा शब्द ठरलेला. अन्न वाया घालवल्याचे पाप टळते आणि वर पुण्य पदरात पडते. इतका स्वस्त व्यवहार मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आमचे घर कुपवाडला, एमआयडीसीच्या अंगाला. गच्चीवरून कारखान्यांचे पत्रे दिसतात आणि शेजारच्या कडुनिंबाचा शेंडा दिसतो. त्या एका शेंड्याच्या आधाराने चिमण्या, साळुंक्या, बुलबुल आणि होले आमच्याकडे येतात. वर्षानुवर्षे मी त्यांना भडंग घातले, आणि ती ते टिपताना पाहून मनातल्या मनात कर्णाच्या पंक्तीला जाऊन बसलो.

पहिला धक्का सौभाग्यवतीने दिला. "अहो, डॉक्टरांनी तुमचे मीठ तोडले, आणि ते मीठ तुम्ही चिमणीला चारता?" मी म्हटले, तिखट लागले तर खाणार नाहीत. पण तिथेच माझी चूक होती. मिरचीचा जाळ पाखरांना जाणवतच नाही. पोपट हिरवी मिरची मिटक्या मारीत खातो तो काही शूर म्हणून नव्हे. तेव्हा ती तक्रार न करता खातात, आणि मीठ मात्र अंगात साठते. चिमणीचे सारे वजन पंचवीस-तीस ग्रॅम. आपल्या चिमूटभर मिठाचा तिच्या मूत्रपिंडावर केवढा भार पडत असेल, याचा हिशेब मी कधी केला नव्हता.

भडंग बंद झाले. पण माझी उदारता गप्प बसणारी नव्हती.

दोन वर्षांपूर्वी, शाळूच्या पेरण्या आटोपल्यावर, जतकडे शेती करणारा धाकटा भाऊ येऊन गेला. त्याच्या सामानातून बियाण्याची एक अर्धी पिशवी आमच्या माळ्यावर राहून गेली. डबे रिकामे करताना ती हाती आली. गुलाबी रंगाची सुरेख ज्वारी! मला वाटले, सणासुदीला पाखरांनाही काही रंगीत असावे. नातीच्या ओंजळीत मी दाणे ओतले आणि तिने ते गच्चीभर उधळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या टाकीखाली दोन होले पडलेले होते. एक गार झाला होता. दुसरा पंख पसरून चोच उघडी टाकून बसला होता. तो दुपारपर्यंत गेला. नातीने एवढेच विचारले, "आजोबा, ते आपल्याकडे जेवायला आले होते ना?"

भावाला फोन लावला. तो क्षणभर बोललाच नाही. मग म्हणाला, "दादा, ते पेरायचं बी. औषध लावलेलं. पिशवीवर लिहिलंय की ठळक!" कीड आणि बुरशी लागू नये म्हणून बियाण्याला औषध चोळतात, आणि कुणी चुकून खाऊ नये म्हणूनच त्याला रंग देतात. ज्या रंगाने मला सावध करायचे, त्याच रंगाला मी भुललो होतो. होले त्यानेच गेले असे कुणी शपथेवर सांगणार नाही. पण उरलेले दाणे मी गुडघ्यांवर बसून एकेक वेचले.

त्यानंतर मी जरा वाचू लागलो. खवट शेंगदाण्यांचे प्रकरण मला ठाऊकच नव्हते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. रोग ओळखू येईना, म्हणून त्याला 'एक्स' म्हणू लागले. शेवटी दोष निघाला तो खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीवर वाढलेल्या बुरशीत. तिच्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. बुरशी आली की दाणा केराच्या टोपलीत, पाखराच्या चोचीत नव्हे. पावाने त्यांचे पोट भरते, पोषण होत नाही. दूध पचत नाही. कच्चा तांदूळ पोटात फुगून पाखरू मरते ही मात्र निव्वळ भाकडकथा. कण्या खुशाल घालाव्यात.

सगळ्यांत मौज वाटली ती चिमणीची. स्वतः दाणे खाणारी ही बाई पिलांना मात्र अळ्या-किडे भरवते. म्हणजे मी जास्वंदीवर फवारा मारून वर गच्चीत बाजरी ठेवायची, हा आईला जेवू घालून लेकरांना उपाशी ठेवण्याचा प्रकार. फवारा बंद केला. सौभाग्यवतीची जास्वंद आता भोकाभोकांची दिसते आणि त्याबद्दल मला अधूनमधून ऐकून घ्यावे लागते.

हे वाचताना आईची आठवण येई. काढणी झाली की ती बाजरीची चार भरदार कणसे निवडून ओसरीच्या तुळईला टांगी. निवडून, हे विशेष. डब्याच्या तळचे तिने पाखरांना कधी घातलेले मला आठवत नाही.

आता आमच्याकडे मूठभर बाजरी, राळे आणि ज्वारी असते. पेरूची किंवा पपईची फोड बुलबुलासाठी, आणि पसरट परळात पाणी. परळ रोज घासायचा. इंग्लंडात २००५ पासून एकाच ताटात जेवणाऱ्या पाखरांत असा रोग पसरला, की ग्रीनफिंच नावाचा पक्षी तिथे निम्म्याहून कमी झाला. दाणेही सकाळी संपतील तेवढेच. ढीग घातला की पारव्यांची फौज येते, आणि पारव्यांच्या विष्ठेपायी २०२५ साली मुंबईत कबुतरखाने बंद करण्यावरून केवढे रण माजले ते आपण वाचलेच आहे.

परवा फराळाची परात गच्चीत वाळत होती. चकलीचा एक तुकडा मी सवयीने कठड्यावर ठेवला. नातीने तो उचलून माझ्याच हातात दिला. मग बाजरीची मूठ उघडून तिने ती उन्हात धरली, दाण्यांचा रंग नीट पाहिला, वास घेतला, आणि मगच परळाशेजारी ठेवली.