एकच फोटो

अम्मीने आयुष्यात स्वतःहून फोटो काढून घेतला तो फक्त हजच्या पासपोर्टसाठी. मोबाइल समोर आला की ओढणी चेहऱ्यावर. यंदा मात्र काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "एक काढ. एकच."

माझ्याकडे अब्बांचा याशिका मॅट १२४ जी आहे, मीडियम फॉरमॅट. १२० नंबरचा रोल, सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो. पण "एकच" हा शब्द डोक्यात बसला आणि खोपोलीच्या मित्राचा लाकडी लार्ज फॉरमॅट आठवला. त्यात चार बाय पाच इंचांची एकेक शीट घालायची. निगेटिव्ह माझ्यापेक्षा साधारण साडेतीन पट मोठी. अम्मीच्या हातावरची एकूणएक सुरकुती त्यात येईल, असं वाटलं.

मित्र तो घेऊन कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात जातो. उंच चैत्याचा दर्शनी भाग खालून काढायचा तर साधा कॅमेरा वर वळवावा लागतो, आणि मग सरळ रेषा वर निमुळत्या होतात. याची पाटी सरळ ठेवून नुसती लेन्स वर सरकवता येते. शिवाय दगड हलत नाही.

अम्मीची मान हलते. दोन वर्षं झाली.

तरी एका रविवारी तो कॅमेरा ओटीवर मांडला. बाहेर पावसाळी उजेड. मोठ्या फॉरमॅटची लेन्स लांब पल्ल्याची. छिद्र मोठं ठेवलं तर डोळे स्पष्ट येतात आणि कान धूसर. छिद्र बारीक केलं तर दोनेक सेकंदांचं एक्स्पोजर. दोन सेकंद मान स्थिर ठेव, हे तिला कोणत्या तोंडाने सांगणार? काळं फडकं डोक्यावर घेऊन मी काचेवर उलटी दिसणारी अम्मी फोकस करत होतो, तेवढ्यात ती हसली. "आता तूच पडद्यात बसलास की रे!"

असं हसू मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. पण शीट अजून आत घातलेली नव्हती, आणि ती घातली की काचेवरचं चित्र दिसेनासं होतं. फोकस केल्यानंतर माणूस बोटभर पुढे झुकला तरी सगळं गेलं. शाळेत मुलांना मी "नीट बसा" म्हणतो, घरी म्हणवेना.

पुढच्या रविवारी याशिका काढला. चारशेची फिल्म, एक साठांश सेकंद. हा कॅमेरा छातीशी धरून मान खाली घालून बघावं लागतं, त्यामुळे समोरच्यावर कोणी डोळे रोखलेत असं वाटत नाही. अम्मी तांदूळ निवडत राहिली. मी बोलत राहिलो, आणि मध्येच बटण दाबलं.

"झाला?"

"झाला. पण अजून अकरा आहेत."

"मी एक म्हटलं होतं," ती म्हणाली, आणि सूप उचलून आत गेली.

रोल अजून कॅमेऱ्यातच आहे. अकरा शिल्लक.