डोक्यावरचा खर्च

हिशेब हा काही माझा प्रांत नव्हे. शिक्षण दहावीपर्यंतचे, खालच्या वर्गांतल्या मुलांकडून पाढे आणि त्रैराशिक घोटून घ्यायचे, एवढाच माझा आकड्यांशी संबंध. उरलेल्या वेळात मी कादंबऱ्या लिहितो. त्यांतली माणसे प्रेम करतात, भांडतात, घर सोडून जातात. पण महिनाअखेरीला त्यांना भाडे कसे परवडते याची चौकशी मी कधी केलेली नाही.

असे असताना गेल्या वर्षी भाऊबीज उरकली आणि दुसऱ्याच दिवशी वहिनींनी मला हाक मारली. "भावजी, जरा बसा. हा म्हणतो, पुढच्या वर्षीपासून अनारसे बंद करा."

'हा' म्हणजे माझा पुतण्या. कॉमर्सचा विद्यार्थी. समोर लॅपटॉप उघडा, आणि चेहऱ्यावर नुकतेच शिकलेले शस्त्र पहिल्यांदा चालवायला मिळाल्याचा आनंद.

वहिनी दिवाळीच्या फराळाचा कारखाना चालवतात. कारखाना म्हणजे आळीतल्या जुन्या गोदामातल्या तीन खोल्या आणि अर्धा दिवस येणाऱ्या दहा बायका. एका खोलीत चकलीचे यंत्र आणि भट्टी, दुसरीत अनारशांचे हातकाम, तिसरीत पॅकिंग. हातकामाच्या खोलीतल्या मावशी साठी उलटलेल्या आहेत. तांदूळ तीन दिवस भिजले, रोज पाणी बदलले, कुटून गुळात मुरवून ठेवले, की ते पीठ थापण्याजोगे झाले की नाही हे त्या चिमटीत धरून सांगतात. अनारसे बंद म्हणजे त्या पाच जणींना 'उद्यापासून येऊ नका' म्हणणे. ते सांगायचे कुणी, हा प्रश्न न बोलताच वहिनींच्या चेहऱ्यावर होता.

पुतण्याचा हिशेब मोठा टापटिपीचा. हंगामाच्या त्या महिन्यात ३०० किलो अनारसे झाले आणि १,००० किलो चकली. अनारशाला किलोमागे तांदूळ, गूळ, तूप, गॅस मिळून ४०० रुपये आणि दोन तासांची मजुरी १४०. चकलीला सामान २२० आणि मजुरी २८. इथवर भांडण नाही, कारण हा खर्च कुणाचा ते उघड आहे. तूप अनारशाने खाल्ले, तेल चकलीने. पण भाडे कुणी खाल्ले? विजेचे बिल, यंत्राची झीज, देखरेख करणाऱ्या बाईंचा पगार हे कुणाचे? अशा खर्चाला ते लोक 'ओव्हरहेड' म्हणतात. आपण वरकड खर्च म्हणू. पण शब्दशः डोक्यावरचा खर्च म्हटले तरी चालेल. प्रश्न एवढाच, की कुणाच्या डोक्यावर?

हा खर्च होता ५४,००० रुपये. महिन्याचे एकूण काम १,००० तासांचे. म्हणून पुतण्याने तासाला ५४ रुपये असा सरळ दर काढला. अनारशाचे दोन तास, म्हणजे १०८ रुपये. किंमत झाली ६४८ आणि विक्री ६४० ने. किलोमागे आठ रुपये तोटा! चकलीच्या डोक्यावर मात्र जेमतेम साडेएकवीस रुपये आले आणि ३०० ला विकून तिने तिसांवर नफा दाखवला.

"काका, आकडे खोटं बोलत नाहीत," पुतण्या म्हणाला.

वर्गात एखादा हुशार मुलगा उत्तर चुकवतो तेव्हा चूक गुणाकारात नसते, उदाहरण वाचण्यात असते, हे मास्तरकीत मी शिकलो आहे. मी विचारले, "महिन्यात यंत्र किती वेळा दुरुस्तीला गेलं?"

"दोनदा."

"आणि मावशी?"

वहिनी हसल्या. पुतण्या मात्र गप्प झाला. मग आम्ही तिघे कागद घेऊन बसलो.

पुतण्याच्या पाठ्यपुस्तकात या कामाच्या तीन पायऱ्या होत्या. त्यांना मी माझी नावे दिली. पहिली नेमून देणे: यंत्राची झीज-दुरुस्ती ९,००० रुपये, ती सरळ यंत्राच्या खोलीच्या नावे. दुसरी वाटून देणे: भाडे जागेप्रमाणे, पगार माणसांप्रमाणे. १,२०० चौरस फुटांचे भाडे १८,०००. यंत्राच्या खोलीने ६०० फूट अडवलेले, म्हणून तिच्याकडे ९,००० आणि बाकी दोघींकडे साडेचार-साडेचार हजार. वीज १२,०००, दिवे आणि पंखे धरून हातकामाला दीड हजार, पॅकिंगला दीड हजार, उरलेले ९,००० यंत्राला. देखरेखीचा पगार १५,०००, बायका दहा. यंत्रावर तीन, पॅकिंगला दोन, हातकामाला पाच. बेरीज केली, तर यंत्राची खोली ३१,५००, हातकाम १३,५०० आणि पॅकिंग ९,०००.

तिसरी पायरी मुरवणे. खोलीत जमलेला खर्च तिथून बाहेर पडणाऱ्या मालात मुरवायचा, पिठात गूळ मुरवावा तसा. पॅकिंगचे निम्मे तास अनारशांचे, कारण वजन कमी असले तरी ते मोडू नयेत म्हणून हलक्या हाताने भरावे लागतात. आता अनारशाच्या डोक्यावर आले १८,०००, म्हणजे किलोला ६० रुपये. किंमत ६०० आणि नफा ४०. चकलीवर ३६,०००, किलोला ३६. तिचा नफा तिसांवरून सोळावर आला.

पुतण्याने पुन्हा पुन्हा बेरीज तपासली. गंमत अशी, की एकूण नफा दोन्ही रीतींनी २८,०००च. नवा पैसा एकही आला नव्हता. बदलली होती ती फक्त डोकी.

"मग खरा आकडा कोणता, काका?"

प्रश्न रास्त होता. वाटणीची कुठलीच रीत देवाने घालून दिलेली नाही. अलेक्झांडर हॅमिल्टन चर्च नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९०१ साली एका मासिकात याच विषयावर लेखमाला लिहिली होती. सगळा खर्च मजुरीवर सरसकट थापू नका, तो जिथे उद्भवतो त्या यंत्रापर्यंत, त्या कामाच्या जागेपर्यंत न्या, असे त्याचे म्हणणे. पुढे १९८० नंतर अमेरिकेत रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन यांनीही कारखान्यांना हेच पुन्हा बजावले: आधी कोणत्या कामामुळे खर्च होतो ते पाहा.

"पण बंद करायचं की नाही, हे वाटणी सांगत नाही," मी म्हणालो. "त्याला वेगळा प्रश्न विचार. अनारसे थांबले तर कुठला खर्च थांबेल?"

त्याने मोजले. सामान आणि मजुरी थांबेल. भाडे? गोदाम एकच, मालक एक खोली परत घेणार नाही. देखरेखीच्या बाई? त्या हव्यातच. दिव्या-पंख्यांचे थोडे वाचले तर वाचले. म्हणजे किलोमागे १०० रुपयांप्रमाणे अनारसे जे ३०,००० रुपये आणत होते ते जाणार आणि ५४,०००चा बोजा जवळपास सगळाच चकलीच्या डोक्यावर बसणार. २८,०००च्या नफ्याचा दोन हजारांच्या आसपास तोटा! ज्या अनारशांना आम्ही घराबाहेर काढायला निघालो होतो, त्यांनीच घर तोलून धरले होते. पुतण्याने लॅपटॉप मिटला आणि कुणी न सांगता तो मावशींना पुढच्या हंगामाचे सांगायला गेला.

त्या रात्री मला झोप आली नाही. मीही एक हिशेब कित्येक वर्षे मनात बाळगून होतो. दहावीनंतर घरच्या ओढगस्तीमुळे माझे कॉलेज राहिले. घराचा भार माझ्या डोक्यावर पडला, अशी ती नोंद. पुस्तक छापून आले, कुणी चार शब्द बरे बोलले, की मी मनात म्हणे, 'एवढे सोसूनही!'

पण माझ्या कादंबऱ्या जिथे लिहून झाल्या, ती घरातली एकमेव शांत खोली दादाने मला दिली आणि स्वतः ओसरीवर झोपला. तिचे भाडे मी कुठे मांडले? पहाटे चारला पाणी भरून झाल्यावर वहिनी माझ्या टेबलावर चहा ठेवत आणि दार आवाज न करता ओढून घेत. वीस वर्षांच्या त्या चहाची नोंद कुठल्या खात्यात आहे? मुखपृष्ठावर नाव एकट्या माझे. खर्च सगळा त्या दोघांच्या डोक्यावर आणि तोट्याची तक्रार माझी!

सकाळी स्वयंपाकघरात गेलो. वहिनी चहा गाळत होत्या. बोलायचे पुष्कळ होते, पण नेमके शब्द सापडेनात. कपाटांतून कादंबऱ्या असूनही माणसावर अशी वेळ येते. मी नुसताच त्यांच्या हातातली गाळणी घेतली आणि म्हणालो, "बसा. आज मी देतो."

वहिनींनी माझ्याकडे निरखून पाहिले. "काय हो भावजी, तब्येत बरी आहे ना?"

यंदा अनारसे ३५० किलो झाले. चहा अजून मीच करतो. फार गोड होतो असे दादा म्हणतो. पण मागची बाकी मोठी आहे, साखरेत हात आखडून कसे चालेल?